सातबारा 'गुगल'वर नाही, ब्राउझरवर दिसतो. मग ब्राउझर कुठला वापरायचा?

औंध (ता. खटाव) : सातबारा बघायचा म्हटलं की गावात पहिला शब्द निघतो, 'गुगल उघड'. प्रत्यक्षात बोट जातं ते क्रोमवर. क्रोम हा ब्राउझर, म्हणजे वेबसाइट दाखवणारं ॲप. गुगल ही त्याची मालक कंपनी. हा फरक कळला की ब्राउझर बदलता येतो हेही कळतं.

बहुतेकांनी क्रोम निवडलेलाच नाही, मोबाईल घेतला तेव्हा तो आत होताच. फोन बनवणाऱ्या कंपन्यांना गुगलची ॲप एकगठ्ठा घ्यायला लावली जातात, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपिलातही दंड कायम राहिला. मधल्या काळात गुगलने भारतात ॲप सुटी घेण्याची मुभा दिली. तरी क्रोमची सवय काही मोडली नाही.

जिओ यायच्या आधी, नेटपॅक पुरवून पुरवून वापरायचे दिवस होते तेव्हा यूसी ब्राउझर जोरात होता. पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर जायचं, तिथं आकसून मग मोबाईलवर यायचं. डेटा वाचायचा, पण आपण काय बघतो तेही वाटेत कंपनीला दिसू शकायचं. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यात यूसीही गेला.

आता देशी ब्राउझरही आहे. केंद्र सरकारने देशी ब्राउझर बनवण्याची स्पर्धा घेतली. मार्च २०२५ मध्ये जोहो कंपनीच्या 'उला'ला १ कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. जाहिराती आणि पाळत अडवण्यावर त्याचा भर आहे. फायरफॉक्स आणि ब्रेव्हही फुकट मिळतात.

खरी चुरस मात्र आता एआयची आहे. पर्प्लेक्सिटीचा 'कॉमेट' जुलै २०२५ मध्ये आला, ऑक्टोबरमध्ये चॅटजीपीटीवाल्यांचा 'ॲटलास'. हे ब्राउझर पान दाखवून थांबत नाहीत. सांगितलं तर पान वाचून सार देतात, तुमच्या वतीने बटणंही दाबतात. लांबलचक सरकारी जीआर मराठीत समजून घ्यायला हे चांगलंच. पण ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्ह कंपनीने दाखवून दिलं, की एखाद्या पानात कुणी लपवून सूचना लिहिली तर कॉमेट ती मालकाची सूचना समजून पाळतो. त्यांच्या चाचणीत तो मेलमध्ये शिरला आणि ओटीपी बाहेर देऊन बसला. एका कंपनीने दुसरीचं भोक दाखवावं, हा स्पर्धेचा आपल्याला झालेला फायदाच म्हणायचा. असला ब्राउझर माहिती वाचायला ठेवावा. बँक, पीकविमा, आधार यांचं लॉगिन त्यात करू नये.

दुसरी गोष्ट कुलपाची. 'पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट खरी', असं अजून सांगितलं जातं. ते चुकीचं आहे. कुलूप फक्त एवढंच सांगायचं, की मोबाईल आणि साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. समोरचा चोर आहे की सरकार, हे ते सांगत नाही. चोरांच्या साइटलाही कुलूप मिळतं. म्हणून क्रोमने सप्टेंबर २०२३ पासून ते चिन्हच काढलं. ब्राउझर कुठलाही असो, पत्ता वाचायचा. सातबाऱ्याच्या सरकारी साइटचा पत्ता 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन' असा संपतो. त्याच्यापुढे आणखी काही शेपूट जोडलं असेल तर लगेच मागं फिरावं. डिजिटल सहीच्या उताऱ्याला १५ रुपये लागतात, नुसता बघायचा असेल तर फुकट.

आणि मोबाईलवर सारख्या 'व्हायरस आला', 'बक्षीस लागलं' अशा सूचना येत असतील, तर बहुतेक वेळा मोबाईल बिघडलेला नसतो. कधीतरी एखाद्या साइटवर 'अलाऊ' दाबलेलं असतं. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जाऊन अनोळखी साइट बंद करायच्या. दुकानात पैसे मोजायची गरज नाही.