ताकद वाढली, पकड तेवढीच

गेल्या पावसाळ्याआधी माझ्या भाच्यानं एक जुनी, पण दमदार टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि महिन्याभरात तिची ताकद आणखी वाढवून आणली. ‘मामा, तीन तासांत पन्नास घोडे वाढले!’ असं तो फोनवर म्हणाला. इंजिनाचा एक नटही कुणी उघडला नव्हता. गाडीच्या संगणकात दुसरा प्रोग्रॅम भरला, एवढंच. पुढे पंधरा दिवसांनी ताम्हिणी घाटात एका ओल्या वळणावर त्यानं स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि गाडी सरळच गेली. कठड्याला घासून थांबली. त्याला काही झालं नाही. मागे बसलेली त्याची बायको मात्र कितीतरी दिवस त्या गाडीत बसायला तयार नव्हती. माझा जन्म गाड्यांची सस्पेन्शन्स जुळवण्यात गेला, म्हणून त्यानं मला विचारलं, ‘चूक माझी की गाडीची?’

त्याचं उत्तर द्यायचं तर आधी टर्बो म्हणजे काय ते पाहायला हवं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर तापलेला असतो आणि वेगात असतो. एरवी तो सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये हा धूर एका चक्रावर सोडतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं होतं. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. आपल्याकडच्या ट्रकवर ‘टर्बो’ लिहिलेलं असतं, ते हेच.

यात एक मेख आहे. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, मग धूर वाढतो, मग चक्र वेग घेतं आणि त्यानंतर कुठे ताकद येते. मधल्या या खोळंब्याला ‘लॅग’ म्हणतात. सरळ रस्त्यावर तो नुसता कंटाळवाणा असतो, वळणावर धोक्याचा.

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे १९७५ सालची पॉर्श ९११ टर्बो. तीन लिटरचं इंजिन, २६० अश्वशक्ती, गिअर फक्त चार आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. चालक वळणात पाय दाबायचा, काहीच घडायचं नाही. तो आणखी दाबायचा. मग एकाएकी सगळी ताकद मागच्या चाकांवर कोसळायची, तीही वळणाच्या नेमक्या मध्यावर. घाबरलेला माणूस काय करतो? पाय उचलतो. आणि तिथेच घात व्हायचा. पाय उचलला की गाडीचा भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात आणि शेपटीला लटकलेलं जड इंजिन लंबकासारखं बाहेर फेकलं जातं. गाडी गिरकी घेते. इंग्रजीत या गाडीला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकांना विधवा करणारी, असं नाव पडलं ते उगाच नाही.

पॉर्शच्या अभियंत्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी मागचे टायर रुंद केले. १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचं करून ३०० अश्वशक्ती दिली, तेव्हा ब्रेकही शर्यतीच्या ‘९१७’ गाडीच्या धर्तीवरचे बसवले. पाचवा गिअर यायला १९८९ उजाडलं. १९९५ च्या नव्या टर्बोमध्ये एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो आले आणि ताकद चारही चाकांना वाटली गेली. त्या गाडीची शक्ती चारशेच्या वर होती, तरी ती जुन्या २६० पेक्षा कितीतरी सोशीक होती. घोडे किती, यापेक्षा ते कधी आणि कसे धावत येतात याला महत्त्व आहे. वीस वर्षं खर्ची पडली ती हे साधण्यात.

आता टर्बो ‘अपग्रेड’ करताना काय होतं पाहा. हौशी माणूस कारखान्याचा लहान टर्बो काढून मोठा बसवतो. मोठं चक्र जड असतं, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. म्हणजे आकडा वाढतो, पण ताकद उशिरा आणि एकदम येते. पैसे मोजून माणूस १९७५ सालचा दोष घरी आणतो, असं मी म्हणतो तेव्हा गॅरेजवाले माझ्यावर रागावतात.

भाच्याच्या गाडीत टर्बो मूळचाच होता. तिथे प्रश्न टायरचा होता. गाडी रस्त्याला टेकते ती चार तळव्यांएवढ्या रबरावर. या रबराची पकड म्हणजे ठरलेला पगार समजा. वेग वाढवायला, ब्रेक लावायला, वळायला, सगळं त्यातूनच भागवायचं. त्याच्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि वळायचं कामही त्यांचंच. ओल्या रस्त्यानं पगार आधीच कापलेला. दुसऱ्या गिअरमध्ये टर्बोनं सगळा पगार वेगावर उडवला, वळायला शिल्लक काही उरलं नाही. त्यातून टायर सहा वर्षांचे, कडक झालेले. आणि चाकं घसरू लागली की इंजिनाला आवरणारी जी यंत्रणा असते, ती यानं ‘मजा येत नाही’ म्हणून बटण दाबून बंद केलेली!

पुढच्या चाकांच्या ताकदवान गाड्यांत आणखी एक खोड असते. जोरात पाय दाबला की स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढतं. इंजिनापासून डाव्या-उजव्या चाकाकडे जाणारे दांडे बरेचदा सारख्या लांबीचे नसतात आणि दोन्ही चाकांखालचा रस्ताही सारखा नसतो, त्याचा हा परिणाम. साब ९-३ व्हिगन ही गाडी यासाठी बदनाम होती. २००९ च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये ३०५ अश्वशक्ती पुढच्या चाकांवर सोडताना फोर्डला पुढच्या चाकाच्या जोडणीची रचनाच बदलावी लागली. असलं काम तीन तासांत होत नाही.

ब्रेकचा हिशेबही लोक विसरतात. वेग १०० चा १४० झाला तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. शिवाय निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी प्रश्न विचारते ते वेगळंच.

भाच्याला मी ताकद वाढवू नको असं म्हटलं नाही. त्यानं ऐकलंही नसतं. मी त्याच्याकडून आधी चार चांगले टायर घेववले, ब्रेकचे पॅड आणि ऑइल बदलायला लावलं, झिजलेले बुश काढून अलाइनमेंट करून घेतली. प्रोग्रॅम मूळचा परत भरला. मग एका रविवारी सकाळी आम्ही दोघं ताम्हिणीतल्या त्याच वळणावरून गेलो. ‘मामा, ही पहिल्यापेक्षा जोरात वळतेय,’ तो म्हणाला. चूक कुणाची, हे त्यानं पुन्हा विचारलं नाही. परतताना मागच्या सीटवर त्याची बायको होती. ती मुळशीपर्यंत काही बोलली नाही, मग चहाला थांबूया म्हणाली.