सूर थांबवणारी लोकर

ग्रँड पियानोचं झाकण वर केलं की तारांवर ओळीनं बसलेले छोटे काळे ठोकळे दिसतात. हे डॅम्पर. प्रत्येकाच्या पोटाला लोकरीचा मऊ फेल्ट चिकटवलेला असतो. पट्टी दाबली की डॅम्पर उचलला जातो आणि हातोडी तारेवर आदळते. पट्टी सोडली की तो आपल्या वजनानं खाली येतो, सूर थांबतो. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं पियानो घडवला, तेव्हापासून डॅम्पर त्यात आहेतच. ८८ पट्ट्यांपैकी अगदी वरच्या वीसेक सुरांना मात्र ते नसतात. तिथल्या आखूड तारांचा आवाज आपोआपच विरतो.

खर्जातल्या एकेरी जाड तारेला खाच पाडलेला फेल्ट दोन्ही बाजूंनी धरतो. दोन तारा असतील तिथे पाचरीच्या आकाराचा फेल्ट मधोमध शिरतो. तीन तारांवर बहुतेक ठिकाणी सपाट फेल्ट टेकतो. वर्षानुवर्षं दाब पडून त्यावर चरे उमटतात, लोकर कडक होते. मग सगळे डॅम्पर एकदम उचलणारं पेडल हळूच सोडलं तरी तारा झणझणतात. कसर लागली तर विचारायलाच नको.

तरीही सूर रेंगाळला की सरसकट फेल्ट बदलायला घेणं मला चुकीचं वाटतं. दोष पुष्कळदा सळईत असतो. डॅम्परची सळई तारांच्या खाली, कापडाचं अस्तर असलेल्या भोकातून जाते. दमट हवेत अस्तर फुगतं, सळई अडकते आणि डॅम्पर वरच राहतो. सळई जराशी वाकली तरी तिघींपैकी एखादी तार मोकळी राहते. जाणता कारागीर तिन्ही तारा एकेक करून नखानं छेडतो, गुणगुणणारी नेमकी तार हेरतो आणि पक्कडीनं सळईला केसभर बाक देतो.

मग उंची. पेडल अगदी सावकाश दाबल्यावर सगळे डॅम्पर एकाच क्षणी हलले पाहिजेत. एखादा पुढेमागे झाला तर सळई धरून ठेवणारा बारीक स्क्रू सैल करून ती जुळवतात. पट्टी दाबताना हातोडीनं निम्मं अंतर कापल्यावर डॅम्पर उठू लागावा. त्याआधी उठला तर पट्टी बोटांना जड लागते.

फेल्ट बदलायचाच झाला तर जुना सोलून लाकडावरचा सरस पूर्ण साफ करावा लागतो. नवा तुकडा धारदार पात्यानं सरळ कापायचा, कारण कड तिरकी गेली तर शेजारच्या तारेला घासते.

मुंबई-गोव्याकडे पावसाळ्यात डॅम्पर अडकला तर कृपा करून भोकात तेल सोडू नका. ते अस्तरात मुरतं, धूळ धरतं आणि सळई आणखी चिकटते. ट्यूनर सूर लावायला येईल तेव्हा डॅम्परही तपासून घ्या.