घर हेच ऑफिस: व्हिडिओ मीटिंगमध्ये ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून

९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला आणि हिंजवडीतलं आयटी ऑफिस कोथरूड-कर्वेनगरच्या हॉलमध्ये येऊन बसलं. तेव्हा लागलेली व्हिडिओ मीटिंगची सवय आज आपल्या धंद्याच्या कामाची आहे. डिपॉझिट नाही, दुकानाचं भाडं नाही, तरी नागपूरचं गिऱ्हाईक समोर बसतं. फक्त एवढं सांभाळा:

१. वेळ: झूमच्या मोफत प्लॅनमध्ये मीटिंग ४० मिनिटांत बंद पडते. भाव आणि डिलिव्हरीची तारीख पहिल्या अर्ध्या तासातच बोलून घ्या.

२. वीज: पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुतेक गुरुवारी निघतात. मोठी मीटिंग त्या दिवशी नकोच. राउटरला छोटा यूपीएस लावा, मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

३. उजेड: खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. साडीचा रंग ट्यूबलाइटमध्ये वेगळा दिसतो. दिवसा दाखवा, नाहीतर माल परत येतो.

४. घरचे: हॉल त्यांचाही आहे. मीटिंगची वेळ सकाळीच सांगा. कुकर आधी लावता येतो. आणि ठरलेल्या वेळेला लॅपटॉप बंद म्हणजे बंद. धंदा घरासाठी आहे ना?

५. लेखी: मीटिंग संपली की दहा मिनिटांत माल, भाव, ॲडव्हान्स, तारीख व्हॉट्सॲपवर पाठवा आणि समोरच्याचं 'ओके' घ्या. तोंडी व्यवहारातच भांडणं होतात.

पहिली मीटिंग याच आठवड्यात लावा. भेटू पुढच्या व्हिडिओत!