परीक्षकाची परीक्षा

संगणकाचा प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही हे पाहण्यासाठी चाचण्यांचे छोटे प्रोग्रॅम निराळे लिहिलेले असतात. त्या साऱ्या उत्तीर्ण झाल्या, की लिहिणारा निःशंक होतो. परंतु आम्ही विचारतो, या चाचण्यांची चाचणी कोणी घेतली? रात्री पहारेकरी आरोळी देतो, यावरून तो जागा आहे एवढे कळते. त्याला चोर दिसतो की नाही, हे कळत नाही. ते पाहायचे तर धन्यानेच चोराचे सोंग घेऊन भिंतीवरून उडी टाकली पाहिजे.

म्यूटेशन टेस्टिंग, म्हणजे उत्परिवर्तन चाचणी, ती हीच. रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ साली विद्यार्थिदशेत ही कल्पना मांडली. डीमिलो, लिप्टन व सेवर्ड यांच्या १९७८ च्या लेखाने तिला बैठक मिळाली. चांगल्या प्रोग्रॅमच्या प्रतीत जाणूनबुजून एकच बारीक चूक करावयाची आणि त्याच चाचण्या पुन्हा चालवावयाच्या. एखादी नापास झाली, तर तो उत्परिवर्ती मेला. सर्व उत्तीर्ण झाल्या, तर तो जगला आणि चाचण्यांतील भोक उघडे पडले.

समजा, एका बँकेत ६० किंवा अधिक वयाच्या ठेवीदारास जादा व्याज आहे. चाचणी ४५ आणि ७० वयांची घेतली. आता आम्ही '६० किंवा अधिक' याजागी '६० हून अधिक' असे केले. दोन्ही चाचण्या पूर्ववत उत्तीर्ण! बरोबर साठ वर्षांच्या गृहस्थाचे जादा व्याज मात्र वर्षभर बुडेल. आमची चूक मुद्दामची होती. तीच कोणाच्या हातून नकळत झाली असती, तर?

वस्तुकेंद्री प्रोग्रॅमात आणखी एक धोका असतो. तेथे 'ज्येष्ठांचे खाते' हा वर्ग 'साधे खाते' या वर्गाचा वारस असतो. व्याजाची आपली रीत तेवढी तो निराळी सांगतो. ती रीत पुसून टाकली, तरी प्रोग्रॅम अडत नाही. वाडवडिलांची रीत मुकाट्याने चालू होते. व्याज जमा झाले एवढेच चाचणी पाहत असेल, आकडा पडताळत नसेल, तर ही चूक निसटते. जावा भाषेसाठी मा, ऑफट व क्वॉन यांनी केलेल्या 'म्यूजावा' या साधनात अशा चुका मुद्दाम घडविण्याची सोय आहे.

मग सर्वत्र हे का करीत नाहीत? खर्च फार. १,००० उत्परिवर्ती आणि २०० चाचण्या म्हटले, की २,००,००० वेळा चाचणी चालवावी लागेल. म्हणून 'पिट' हे साधन, बदललेल्या ओळीपर्यंत पोहोचणाऱ्या चाचण्याच चालविते. गूगलमध्ये नव्याने बदललेल्या ओळींपुरतेच उत्परिवर्ती करून ते तपासणाऱ्यापुढे ठेवतात, असे तेथील अभियंत्यांनी २०१८ साली लिहिले आहे.

दुसरी अडचण अशी, की काही उत्परिवर्ती मरतच नाहीत. दोन रकमांतील मोठी निवडताना 'मोठी असेल तर' याजागी 'मोठी किंवा समान असेल तर' असे लिहिले, तरी उत्तर तेच. असे निरुपद्रवी जीव हुडकण्याची सर्वांना लागू पडेल अशी यांत्रिक रीत असूच शकत नाही. तेथे माणसालाच डोके चालवावे लागते. तेव्हा शंभरापैकी शंभर मारण्याचा हट्ट धरू नये. जेथे लोकांचा पैसा वा जीव गुंतला आहे, तेथून आरंभ करावा, आणि जगलेल्या प्रत्येकास विचारावे: तू कोणत्या वाटेने सुटलास?