विमान पडले, मन पडू देऊ नका

"डॉक्टर, चार दिवस झाले, पोरगा धड जेवत नाही. रात्रीही जागाच असतो." बारावीतल्या मुलाला घेऊन आलेली आई सांगत होती. ताप नव्हता, पोट मऊ होते, रक्तदाबही ठीक होता. मुलगा मान खाली घालून बसला होता. शेवटी आईच म्हणाली, "त्याचं ते रिमोटचं विमान पडलं. वडील म्हणाले, खेळणं मोडलं म्हणून कोणी एवढं रडतं का?"

मी चिठ्ठी बाजूला ठेवली. हे दुखणे माझ्या ओळखीचे होते. एनसीसीच्या हवाई विभागात असताना मला विमानाच्या प्रतिकृती बनवण्याचा नाद लागला. डॉक्टर झाल्यावर दोन महिने रोज रात्री तासभर बसून मी बाल्साच्या हलक्या लाकडाचे एक विमान तयार केले. तिसऱ्याच उड्डाणात ते पडीक शेतात कोसळले. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते. तिथेच मी गोंधळलो. आठवडाभर घरी कोणाला काही बोललो नाही. पेशंटवर मात्र दोनदा खेकसलो.

असे का होते?

विमान कोसळताना शरीराला ते संकटच वाटते. ॲड्रेनलिन स्रवते, छाती धडधडते, हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते. हे थोड्या वेळाने शमते. मनाचे तसे नसते. विमानात पैसा असतो, त्याहून अधिक आपला वेळ आणि हातांचे कष्ट असतात. शिवाय चूक आपलीच, ही टोचणी असते. म्हणून तोच क्षण डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा येतो. याला दुबळेपणा म्हणू नये.

पहिला तास

प्रथम रिमोटवरून मोटर बंद करावी. विमानामागे आंधळेपणाने धावू नये. वाटेत रस्ता किंवा विहीर असू शकते. विमान विजेच्या तारांवर अडकले तर काठीने काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये, वीज कंपनीला कळवावे. लिथियम पॉलिमर बॅटरी आदळल्यावर काही वेळाने पेट घेऊ शकते. धूर येत असल्यास किंवा ती फुगली असल्यास दूर राहावे. नसल्यास ती सोडवून उघड्यावर, कोरड्या वाळूत ठेवावी. दबलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, घरातही आणू नये. मग सावलीत बसून पाणी प्यावे आणि सावकाश श्वास घ्यावा. हात थरथरत असताना दुसरे विमान उडवू नये.

पुढचे दिवस

मोडके तुकडे पिशवीत भरून ठेवावेत. टाकायचे की जोडायचे, हे त्याच दिवशी ठरवू नये. दोन दिवसांनी वहीत लिहावे: वारा किती होता? वळताना वेग कमी पडला का? "मी नालायक" हे कारण नव्हे. "वळताना वेग कमी होता" हे कारण. कारण सापडले की टोचणी कमी होते. दिशेचा गोंधळ होत असेल तर एक युक्ती: विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकेल, त्याच बाजूला दांडी न्यावी. संगणकावर सराव करावा, मग स्वस्तातल्या फोमच्या विमानाने पुन्हा सुरुवात करावी. दुरुस्ती करताना खिडकी उघडी ठेवावी. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणपाण्यात भिजवावीत.

पालकांनी "दुसरं घेऊन देऊ" किंवा "खेळणंच ते" असे म्हणण्याऐवजी "कसं पडलं, सांग" एवढेच विचारावे आणि ऐकावे.

झोप, भूक आणि नेहमीच्या गोष्टींतला रस दोन आठवड्यांनंतरही परतला नाही, तर दुःख केवळ विमानाचे नसावे, डॉक्टरांना भेटावे. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर एक दिवसही थांबू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते.

त्या मुलाला मी कपाटावरचे माझे विमान दाखवले. पंखावरचा जोड अजून दिसतो. त्याने बोट फिरवून विचारले, "हे परत उडालं?" मी म्हणालो, "उडालं. थोडं डावीकडे ओढतं, एवढंच."

त्या रात्री तो जेवला, असे आईने दुसऱ्या दिवशी कळवले. औषध काहीच दिले नव्हते.