डावा खर्ज, उजवा खर्ज

काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. माझी गाणं ऐकायची खोली अडीच मीटर रुंद आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. त्याला रुंदीच्या दुपटीने भागलं की उत्तर येतं तेच, ६९. म्हणजे या खोलीत नेमका खर्जच घुमतो. त्यातून डावा स्पीकर अगदी कोपऱ्यात आणि उजवा, दार उघडायला जागा हवी म्हणून, भिंतीपासून पाऊण मीटर आत. त्यामुळे तंबोऱ्याचा जोड समोर मधोमध ऐकू यायचा आणि खर्ज मात्र डावीकडे फुगून बसायचा.

तरीही इक्वलायझरच्या दोन्ही बाजू मी कितीतरी दिवस जशाच्या तशा ठेवल्या. डाव्या-उजव्या चॅनेलला वेगवेगळं इक्वलायझेशन दिलं की स्टिरिओ बिघडतो, हे ज्याच्या-त्याच्या तोंडून ऐकलेलं होतं. या समजुतीत तथ्य आहे, पण अर्धंच. स्टिरिओत गायकाचा आवाज मधून येतो, कारण तो दोन्ही स्पीकरमधून सारखाच निघून आपल्यापर्यंत सारखाच पोचतो. दोन्ही बाजू सारख्या हव्यात त्या ऐकणाऱ्याच्या खुर्चीपाशी. इक्वलायझरच्या पट्ट्या एका रेषेत दिसल्या म्हणून तेवढ्याने ते साधत नाही. खोलीच जर एका बाजूचा खर्ज फुगवत असेल, तर त्याच बाजूला तेवढा उतार देणं म्हणजे बिघडलेला समतोल परत आणणं.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. खुर्चीत डोकं असतं तिथे फोन ठेवा, आवाज मोजणारं ॲप लावा, आणि एकच सूर आधी फक्त डाव्या, मग फक्त उजव्या स्पीकरमधून वाजवा. फोनचा माइक खालच्या सुरांना कच्चा असतो. पण दोन्ही वेळा माइक तोच असल्याने आपल्याला हवा असलेला फरक बरोबर कळतो. माझ्याकडे ६९ हर्ट्झला डावी बाजू ५ डेसिबलने वर निघाली. फक्त डाव्या चॅनेलला, तेवढ्याच अरुंद पट्ट्यात, ५ डेसिबलचा उतार दिला. तंबोरा एका जागी आला.

आता दुसरा गैरसमज: जिथे फुगवटा आहे तिथे उतार, तर जिथे खड्डा आहे तिथे चढ. हे मात्र चालत नाही. स्पीकरच्या मागची भिंत एक मीटरवर असेल, तर साधारण ८६ हर्ट्झला भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला खोडतो. तुम्ही जोर वाढवलात की परतणाऱ्या आवाजाचाही जोर वाढतो आणि खोडणं चालूच राहतं. १० डेसिबल चढ म्हणजे ॲम्प्लिफायरवर दहापट भार, आणि हाती काही नाही. तिथे स्पीकर किंवा खुर्ची सरकवणं हाच उपाय.

फेजचं भयही असंच सरसकट सांगितलं जातं. नेहमीचं इक्वलायझर फेज हलवतं, हे खरं. पण खर्जातला खोलीचा घुमाराही तशीच फेज हलवत असतो. नेमका उलटा उतार दिला की दोन्ही बऱ्याच अंशी सावरतात. वरच्या सुरांची गोष्ट वेगळी. तिथे खोलीचं वागणं वीतभर अंतरावर बदलतं आणि कान अतिशय तीक्ष्ण असतात. अनुकूल परिस्थितीत दोन कानांमधला सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकही माणसाला जाणवू शकतो. म्हणून साधारण ३०० हर्ट्झच्या वर मी दोन्ही बाजू एकसारख्या ठेवतो, आणि तुम्हीही ठेवाव्यात असं मला मनापासून वाटतं.

याच्या अगदी उलट समजूतही आहे: एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला तार वाढवली की मोनोचा स्टिरिओ होतो. हा प्रयोग १९६१ मध्ये अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीने ‘ड्युओफोनिक’ नावाने बाजारात आणला. एका चॅनेलचा खर्ज छाटायचा, दुसऱ्याचा वरचा भाग छाटायचा आणि दोन्हींत क्षणाचं अंतर ठेवायचं. बीटल्सची काही गाणीही अमेरिकेत अशी निघाली. यातून आवाज पसरतो, पण गायकाला जागा मिळत नाही. एकाच गळ्याचा खर्ज इकडे आणि सकार तिकडे जातो. असे दोन चॅनेल पुन्हा एकत्र केले, तर त्या अंतरामुळे आवाज पोकळ होतो. ज्यांच्याकडे मूळ मोनो मुद्रण असेल त्यांनी ते मोनोच ऐकावं. त्यात उणं काही नाही.

राहिला कानांचा प्रश्न. ‘माझा डावा कान थोडा कमी आहे, म्हणून डावा चॅनेल वाढवतो,’ असं पुष्कळजण म्हणतात. स्पीकरवर ऐकताना याचा उपयोग नाही, कारण डाव्या स्पीकरचा आवाज दोन्ही कानांत जातो. शिवाय जुना, थोडासा फरक मेंदूच्या अंगवळणी पडलेला असतो. समोर बसलेला गवई आपण त्याच कानांनी ऐकतो आणि तो मधोमधच वाटतो. हेडफोनवर मात्र एक चॅनेल एकाच कानाला मिळतो, त्यामुळे तिथे बेताचा फेरफार उपयोगी पडू शकतो. त्याआधी हेडफोन उलटा घालून पाहा. दबलेली बाजू हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेली तर दोष हेडफोनचा किंवा वायरचा. त्याच कानाला राहिली तर कानाचा.

आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक, तासाभरात किंवा एका रात्रीत उतरलं असेल, तर इक्वलायझरला हात लावू नका. कानात मळ असेल, बघू दोन-चार दिवस, असं म्हणत थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आतल्या कानाच्या अशा बिघाडावर उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी ऐकू येणं परत मिळण्याची आशा जास्त असते.