नेणीव, कल्पना आणि प्रभाकर बरवे यांची चित्रे

प्रत्यक्षात कधीच एकत्र न येणाऱ्या वस्तू ज्या चित्रात एकत्र नांदतात, त्या अद्भुत चित्राचा उगम नेणिवेत, म्हणजे इच्छा, भीती आणि विसरलेल्या आठवणी साठवणाऱ्या पण जाणिवेला थेट न दिसणाऱ्या मनाच्या थरात असतो, ही धारणा विसाव्या शतकात रूढ झाली. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नांचा अर्थ लावणारा ग्रंथ १९०० सालचा; त्यातून प्रेरणा घेऊन फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांनी १९२४ मध्ये पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि विवेकाचा पहारा उठवून मनातले थेट कागदावर उतरू द्यावे, असा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी अतिवास्तववादी चित्रकार माक्स अर्न्स्ट यांनी झिजलेल्या लाकडी जमिनीवर कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांमध्ये त्यांना अरण्ये व पक्षी दिसू लागले. मात्र आपोआप उमटलेल्या या खुणांपैकी काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हे अखेर चित्रकाराच्या डोळ्यानेच ठरवले.

निवडीचा हा भाग महाराष्ट्रात प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांत विशेष स्पष्ट होतो. अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेल्या बरवे यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि १९६१ पासून विणकर सेवा केंद्रात नोकरी केली; तेथील कामानिमित्त वाराणसीत राहत असताना तंत्रसाधनेतील प्रतीकांशी त्यांचा परिचय झाला व त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर त्या प्रतीकांची छाप पडली. पुढे मात्र त्यांनी ठरीव प्रतीके बाजूला सारली आणि घड्याळ, पान, फळ, शंख यांसारख्या रोजच्या वस्तू जवळ केल्या.

अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दाली यांच्या १९३१ मधील प्रसिद्ध चित्रात घड्याळे वितळून ओघळतात. बरवे यांच्या चित्रात घड्याळ सहसा घड्याळच राहते, केवळ त्याचा शेजार बदलतो. सपाट, विस्तीर्ण पृष्ठभागावर ते एखाद्या पानाजवळ किंवा फळाजवळ येते आणि त्या दोहोंमधल्या मोकळ्या जागेला, म्हणजे अवकाशाला, वस्तूंइतकेच वजन प्राप्त होते. यासाठी त्यांनी वापरलेला एनॅमल रंग, म्हणजे दारे-खिडक्यांना लावतात तो चकचकीत तैलरंग, वाळताना पसरून समतल होतो; त्यामुळे कुंचल्याच्या खुणा विरतात आणि चित्रकाराचा आवेग मागे पडून वस्तूंमधले नातेच तेवढे समोर येते.

बरवे वर्षानुवर्षे रोजनिशीत टिपणे व रेखाटने करीत, आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात त्यांनी वस्तू, आकार आणि अवकाश यांचा चिकित्सक विचार मांडला. मनात अवचित आलेली प्रतिमा त्यांच्या दृष्टीने चित्राची सुरुवात होती, पण तिला पूर्णत्व येत होते ते अशा दीर्घ निरीक्षणातून व चिंतनातून.

म्हणूनच अशा चित्रासमोर उभे राहताना ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न घाईने विचारण्याऐवजी या वस्तू एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, कोणती मोठी झाली आहे आणि कोणती एकाकी पडली आहे, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. नेणीव चित्रकाराला कच्चा माल पुरवते, परंतु त्या मालाची रचना करणारी कल्पनाशक्ती शिस्तीने घडवावी लागते. आणि पाहणाऱ्यानेही आपली नजर तितक्याच सबुरीने घडवली, तर हे अद्भुत जग कोणालाही परके राहत नाही.